पॉली उम्रीगर : सात डाव आणि दहा वर्षे

भारतीय कसोटी क्रिकेटची घडण : लेखांक सातवा

एखाद्या खेळाडूच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना तिचे शिखर पाहावे, तिच्यातील सर्वांत मोठे अपयश पाहावे, की या दोहोंच्या दरम्यान त्याने वर्षानुवर्षे केलेले काम पाहावे, हा क्रिकेटच्या इतिहासातला एक मूलभूत प्रश्न आहे. आणि पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांच्या बाबतीत तो जितका ठळकपणे उभा राहतो तितका भारताच्या फार थोड्या खेळाडूंच्या बाबतीत उभा राहतो. १९४८ ते १९६२ या काळात ५९ कसोटी सामने खेळून ते निवृत्त झाले, तेव्हा सर्वाधिक कसोटी सामने, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतके हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्याच नावावर होते. तरीही त्यांचा विषय निघाला की इंग्लंडमधील १९५२ च्या उन्हाळ्यातले सात डाव हमखास आठवले जातात आणि वेगवान गोलंदाजीपुढे डगमगणारा फलंदाज हा शिक्का त्यांच्या नावाला चिकटवला जातो. ते सात डाव का बिघडले, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या शिक्क्याला कोणते उत्तर मिळाले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखांकाचा हेतू आहे.

सोलापूर, मुंबई आणि पारशी क्रिकेटची परंपरा

उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी झाला. क्रिकेटच्या अनेक नोंदींत त्यांचे जन्मस्थळ म्हणून मुंबईचे नाव छापले जाते. परंतु त्यांचे बालपण सोलापुरात गेले आणि त्यांचा जन्मही बहुधा सोलापूरचाच आहे. त्यांच्या वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता, आणि त्या काळच्या सोलापुरात अशा व्यवसायाला जागा असणे स्वाभाविकच होते. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, पूर्व भागात हातमागांची वस्ती वाढली, आणि गिरणीच्या भोंग्यावर दिवसाचे वेळापत्रक ठरणारे शहर अशी सोलापूरची ओळख झाली. मुंबई इलाख्यातील कापडधंद्यात पारशी उद्योजकांचा वाटा आरंभापासूनच मोठा होता; मुंबईतली पहिली कापडगिरणी काढणारे कावसजी दावर हे पारशीच होते. सोलापुरात वाढणाऱ्या एका पारशी मुलाची पार्श्वभूमी अशी गिरणी आणि कापडबाजार यांच्याशी जोडलेली होती.

उम्रीगर शाळेत असतानाच हे कुटुंब मुंबईला गेले, आणि या स्थलांतराचे त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्व फार मोठे आहे. त्या काळी क्रिकेटपटू घडवणारी साखळी, म्हणजे शालेय ढाल-स्पर्धा, महाविद्यालयीन सामने, जिमखान्यांची मैदाने आणि तेथून इलाख्याच्या संघापर्यंत जाणारी वाट, ही पूर्ण स्वरूपात मुंबईतच उपलब्ध होती. सोलापूरसारख्या शहरात खेळाची आवड होती आणि मैदानेही होती, पण मुलाला एका पायरीवरून पुढच्या पायरीवर नेणारी स्पर्धांची रचना नव्हती. गुणवत्ता जिल्ह्यात जन्मते आणि तिला आकार मात्र मुंबईत मिळतो, ही महाराष्ट्रातील क्रिकेटची दीर्घकाळची वस्तुस्थिती उम्रीगर यांच्या चरित्रात अगदी आरंभीच दिसते.

त्यांना मिळालेला दुसरा वारसा समाजाचा होता. हिंदुस्थानी लोकांपैकी क्रिकेट संघटितपणे खेळू लागलेला पहिला समाज पारशांचा. १८८६ आणि १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर जाऊन आला होता. पुढे मुंबईत युरोपियन व पारशी यांच्यातील सामन्यांत हिंदू संघ आल्यावर तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘शेष’ म्हणजे उरलेल्या समाजांचा संघ आल्यावर पंचरंगी स्पर्धा भरू लागली. धर्मनिहाय संघांच्या या स्पर्धेवर राष्ट्रीय चळवळीतून सातत्याने टीका झाली आणि १९४६ मध्ये ती बंदही पडली. तथापि रणजी स्पर्धेपेक्षाही अधिक प्रेक्षक तिला लाभत आणि तरुण खेळाडूची पारख तेथे गर्दीसमोर होत असे. उम्रीगर यांनी १९४४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पंचरंगी स्पर्धेत पारशी संघातर्फे प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. प्रथम श्रेणी म्हणजे मान्यताप्राप्त संघांमधला, तीन किंवा अधिक दिवसांचा आणि प्रत्येक संघाला दोन डाव देणारा सामना. कसोटी हा त्याचाच सर्वोच्च प्रकार होय.

सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. ऑक्टोबर १९४८ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या, आणि त्या बळावर डिसेंबरमध्ये मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवरील दुसऱ्या कसोटीत त्यांची निवड झाली. त्यांनी ३० धावा केल्या, पण त्या मालिकेत त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही.

मद्रास, फेब्रुवारी १९५२

कसोटी क्रिकेटमध्ये भारताचा प्रवेश १९३२ मध्ये झाला असला तरी पहिल्या विजयासाठी त्याला जवळजवळ वीस वर्षे थांबावे लागले. तो विजय १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासच्या चेपॉक मैदानावर इंग्लंडविरुद्ध मिळाला आणि त्यात उम्रीगर यांचा वाटा निर्णायक होता. विशेष असे की या सामन्यासाठी ठरलेल्या अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. हेमू अधिकारी यांना ऐनवेळी दुखापत झाल्यामुळे ती जागा त्यांना मिळाली.

इंग्लंडचा पहिला डाव २६६ धावांत संपला तो विनू मंकड यांच्या ५५ धावांतील आठ बळींमुळे. भारताने ९ बाद ४५७ धावांवर डाव घोषित केला, ज्यात सलामीच्या पंकज रॉय यांच्या १११ आणि उम्रीगर यांच्या नाबाद १३० धावा होत्या. दुसऱ्या डावात इंग्लंड १८३ धावांत गारद झाले आणि भारत एक डाव व ८ धावांनी जिंकला. मधल्या फळीच्या शेवटाकडे येऊन तळाच्या फलंदाजांना हाताशी धरत नाबाद राहण्याची जी रीत या डावात दिसली, तीच पुढे उम्रीगर यांच्या कारकिर्दीचे लक्षण ठरली. हे त्यांचे पहिले कसोटी शतक होते, आणि ते भारताच्या पहिल्या विजयात झाले असल्याने त्याच उन्हाळ्यातील इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या.

इंग्लंड, १९५२ : सात डाव, ४३ धावा

त्या दौऱ्यातील चार कसोटींच्या सात डावांत उम्रीगर यांनी एकूण ४३ धावा केल्या, सरासरी ६.१४. मात्र याच दौऱ्यात, परगण्यांच्या म्हणजे कौंटी संघांविरुद्ध आणि विद्यापीठांविरुद्ध खेळताना, त्यांनी सोळाशेहून अधिक धावा केल्या आणि तीन द्विशतके झळकावली. एकच फलंदाज, एकच उन्हाळा, त्याच देशातल्या खेळपट्ट्या, आणि निकालात मात्र एवढी तफावत. फलंदाजाला इंग्लंडमध्ये खेळताच येत नव्हते, असे म्हणण्याची सोय या आकड्यांनी ठेवलेली नाही. कसोटीत जे वेगळे होते त्यातच कारण शोधावे लागते, आणि ते वेगळेपण म्हणजे फ्रेड ट्रूमन.

यॉर्कशरचा हा एकवीस वर्षांचा गोलंदाज लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर कसोटीत प्रथमच उतरला आणि दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावा, चार बाद अशी झाली. मँचेस्टरला त्याने ३१ धावांत आठ बळी घेतले आणि भारताचे दोन डाव ५८ व ८२ धावांत आटोपले. चार कसोटींत त्याने २९ बळी मिळवले. उम्रीगर यांच्याबद्दल असे नोंदले गेले आहे की ट्रूमनचा चेंडू येत असताना ते स्क्वेअर लेगच्या दिशेने, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पाठीमागच्या बाजूला, सरकत असत. फलंदाज असा सरकला की त्याच्या तिन्ही यष्ट्या उघड्या पडतात, डोके चेंडूच्या रेषेतून बाहेर जाते आणि बॅट शरीरापासून लांब फिरू लागते. सरळ व वेगवान चेंडू टाकणाऱ्याला मग फक्त यष्टींवर मारा करायचा असतो.

या हालचालीला धैर्याचा अभाव हे एकच नाव देऊन विषय संपवणे सोपे असले तरी ते अपुरे आहे. ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेग असलेला चेंडू २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर लांबीच्या खेळपट्टीवरून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. एवढ्या अवधीत विचार करून पाय हलवणे शक्य नसते. पाय सवयीने हलतात, आणि सवय तसा वेग पुनःपुन्हा खेळल्यानेच लागते. भारतीय फलंदाजाला ती लागण्याची सोय मायदेशात उरलेली नव्हती. १९३० च्या दशकात मोहम्मद निसार आणि अमरसिंग ही वेगवान जोडी भारताकडे होती. परंतु निसार यांची शेवटची कसोटी १९३६ ची, अमरसिंग १९४० मध्ये अकाली निवर्तले, आणि फाळणीनंतर वेगवान गोलंदाज देणारा पंजाबचा मोठा भाग पाकिस्तानात गेला. देशातील खेळपट्ट्या संथ होत्या, फिरकी गोलंदाज उत्तम होते, आणि रणजी स्पर्धेत हजारो धावा करणाऱ्या फलंदाजाला खऱ्या वेगाची गाठ परदेशी भूमीवर, कसोटीतच, पडत असे. याशिवाय इंग्लंडमध्ये तेव्हा सामना सुरू असताना खेळपट्टी पावसापासून पूर्ण झाकली जात नसे, त्यामुळे ओली खेळपट्टी वाळताना चेंडू मनमानी उसळत असे. आणि फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण येण्यास अजून पाव शतक अवकाश होता. रॉय, मंत्री, गायकवाड हे फलंदाजही त्या उन्हाळ्यात असेच कोसळले. उम्रीगर यांच्या वाट्याला दोष अधिक आला, कारण त्यांच्याकडून अपेक्षा अधिक होती आणि त्यांचे सरकणे डोळ्यांना दिसत होते.

तात्काळ भरपाई आणि तिची मर्यादा

इंग्लंडहून परतल्यानंतर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर १९५२ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध मुंबईत उम्रीगर यांनी १०२ धावा केल्या. लगेच १९५३ च्या आरंभी भारताचा पहिला वेस्ट इंडिज दौरा झाला आणि तेथे पाच कसोटींत त्यांनी ६२.२२ च्या सरासरीने ५६० धावा जमवल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत १३० व ६९, आणि किंग्स्टनच्या अखेरच्या कसोटीत ११७. पोर्ट ऑफ स्पेनमधले शतक त्यांनी सॉनी रामाधीनला षटकार ठोकून पूर्ण केले. उंचपुरी, रुंद खांद्यांची देहयष्टी आणि पुढे पाऊल टाकून चेंडू उचलून मारण्याची ताकद यांमुळे कॅरिबियन प्रेक्षकांनी त्यांना ‘पाम ट्री हिटर’, म्हणजे ताडाच्या झाडांपर्यंत चेंडू भिरकावणारा, असे नाव दिले.

ही भरपाई खरी होती, पण तिची मर्यादाही मान्य केली पाहिजे. त्या वेळच्या वेस्ट इंडिज संघाची मुख्य भिस्त रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीवर होती, तर पाकिस्तानचे फजल महमूद हे मध्यमगती कटरचे, म्हणजे बोटांनी चेंडू घासून टप्प्यानंतर आत-बाहेर वळवण्याच्या कलेचे, निष्णात गोलंदाज होते. या दोन्ही प्रकारांवर उम्रीगर यांचे प्रभुत्व सिद्ध झाले, तरी १९५२ मध्ये विचारला गेलेला प्रश्न अतिवेगाचा होता आणि त्याला १९५३ च्या धावांनी उत्तर मिळत नव्हते. त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे पूर्णतः खोडून निघण्यासाठी आणखी काही वर्षे जावी लागली.

२२३ धावा आणि नेतृत्व

नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडचा संघ प्रथमच भारतात कसोटी खेळण्यास आला. हैदराबादच्या फत्ते मैदानावरील पहिल्या सामन्यात उम्रीगर यांनी २२३ धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. तोपर्यंतची सर्वोच्च भारतीय धावसंख्या विनू मंकड यांनी लॉर्ड्सवर केलेली १८४ ही होती. पुढच्याच कसोटीत, मुंबईत, मंकड यांनीही नेमक्या २२३ धावा केल्या आणि मद्रासला २३१ धावा करून तो विक्रम पुन्हा आपल्याकडे घेतला.

याच मालिकेत दुसऱ्या कसोटीपासून नेतृत्व गुलाम अहमद यांच्याकडून उम्रीगर यांच्याकडे आले आणि मुंबई व मद्रास येथील सामने जिंकून भारताने मालिका २-० अशी खिशात घातली. त्यांनी एकंदर आठ कसोटींत नेतृत्व केले. त्यांपैकी दोन जिंकल्या, १९५६ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतील दोन हरल्या आणि चार अनिर्णित राहिल्या. त्यांच्या नेतृत्वाचा शेवट मैदानावर झाला नाही. १९५८-५९ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत मद्रास कसोटीसाठी ते कर्णधार नेमले गेले होते. मात्र अकरा जणांत कुणाला घ्यावे यावरून क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांशी मतभेद झाले आणि सामना तोंडावर आला असताना त्यांनी राजीनामा दिला. त्या एकाच मालिकेत भारताला उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड आणि अधिकारी असे चार कर्णधार लाभले. संघ निवडण्याचा अधिकार कर्णधाराचा, निवड समितीचा की मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचा, ही सीमारेषा त्या काळी किती पुसट होती, हे या प्रकरणावरून कळते. कर्णधारपद टिकवण्यासाठी आपले मत गिळण्याचा मार्ग उम्रीगर यांच्यापुढे खुला होता. तो त्यांनी स्वीकारला नाही, आणि त्यानंतर पुन्हा कसोटीत नेतृत्व मिळाले नाही तरी संघातील एक साधा सदस्य म्हणून त्यांच्या खेळात कसूर झाली नाही.

दुसऱ्या हाताने दिलेला आधार : गोलंदाजी

उम्रीगर यांच्या ३५ कसोटी बळींची सरासरी ४२.०८ आहे. गोलंदाजीची सरासरी म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, आणि त्या निकषावर हा आकडा सामान्य वाटतो. परंतु दुसरा आकडा पाहिल्यास चित्र बदलते : ४,७२५ चेंडू टाकून त्यांनी १,४७३ धावा दिल्या, म्हणजे षटकामागे १.८७ धावा. नवा चेंडू घेणारा अस्सल वेगवान गोलंदाज संघात नसल्याने आरंभीची काही षटके मध्यमगतीने टाकणे, चेंडू जुना झाला की ऑफ कटर आणि ऑफस्पिन टाकत एक बाजू बंद करून ठेवणे, आणि समोरच्या टोकाकडून सुभाष गुप्ते किंवा मंकड यांना हल्ला करण्याची मोकळीक देणे, हे काम त्यांच्याकडे होते. ऑफ कटर आणि ऑफस्पिन या दोन्ही चेंडूंचा टप्प्यानंतरचा वळण-मार्ग उजव्या फलंदाजाच्या आत येणारा असतो. पहिल्यात वेग अधिक व वळण कमी, दुसऱ्यात वेग कमी व वळण अधिक, एवढाच भेद.

संधी मिळाली तेव्हा त्यांनी बळीही घेतले. १९५५ च्या जानेवारीत पाकिस्तानातील बहावलपूर येथे ७४ धावांत सहा, ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरच्या ग्रीन पार्कवर भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवले. त्या सामन्यात जसू पटेल यांचे १४ बळी अजरामर झाले, पण २२५ धावांचे लक्ष्य घेऊन उतरलेला ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव १०५ धावांत गुंडाळताना दुसऱ्या टोकाकडून उम्रीगर यांनी २७ धावांत चार गडी बाद केले होते, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

पोर्ट ऑफ स्पेन, एप्रिल १९६२

इंग्लंडच्या १९५९ च्या दौऱ्यात, मँचेस्टरच्या ज्या मैदानावर सात वर्षांपूर्वी भारत एकाच दिवशी दोनदा बाद झाला होता, तेथेच आणि ट्रूमनच संघात असताना, उम्रीगर यांनी ११८ धावा केल्या. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूर, मद्रास आणि दिल्ली येथे तीन शतके आली, आणि पुढील वर्षी इंग्लंडविरुद्ध कानपूरला नाबाद १४७. तरीही अतिवेगाच्या प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर मिळाले ते १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात, जेव्हा त्यांचे वय छत्तीस झाले होते.

या दौऱ्याची पार्श्वभूमी अत्यंत कठीण होती. मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर आदळून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला गंभीर इजा झाली आणि त्यांच्या जिवावर बेतले. त्यांना रक्त देणाऱ्यांत यजमान कर्णधार फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांच्याबरोबर उम्रीगरही होते. एकवीस वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्यावर नेतृत्व येऊन पडले. पोर्ट ऑफ स्पेनच्या चौथ्या कसोटीपूर्वी भारत तिन्ही सामने हरलेला होता आणि समोर वेस्ली हॉल हा त्या काळातील सर्वांत भीतिदायक गोलंदाजांपैकी एक होता.

यजमानांनी ९ बाद ४४४ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात उम्रीगर यांनी दीर्घकाळ गोलंदाजी करून १०७ धावांत पाच बळी घेतले होते. भारत फलंदाजीस उतरताच हॉलने आघाडीची फळी कापून काढली. पाच बळी त्याच्याच नावावर लागले आणि भारताचा डाव १९७ धावांत संपला. त्यातील ५६ धावा उम्रीगर यांच्या होत्या. भारतावर फॉलोऑन लादला गेला. फॉलोऑन म्हणजे पहिल्या डावात मोठ्या फरकाने मागे पडलेल्या संघाला लगोलग पुन्हा फलंदाजीस लावण्याचा प्रतिस्पर्ध्याचा अधिकार. मनोबल खचलेल्या संघासाठी ही बहुधा पराभवाची पहिली पायरी ठरते. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी १०४ धावा केल्या, आणि उम्रीगर यांनी साधारण चार तासांच्या खेळात नाबाद १७२. हॉल, सोबर्स आणि गिब्ज यांच्यासमोर त्यांनी पडते घेतले नाही. गडी संपत आले तशी तळाच्या फलंदाजांना सांभाळत त्यांनी स्वतः धावांचा वेग वाढवला आणि भारताची धावसंख्या ४२२ पर्यंत नेली. २४७ धावांनी मागे असलेल्या संघाने यजमानांना पुन्हा फलंदाजीस उतरायला लावले. वेस्ट इंडिजने तीन गडी गमावून १७६ धावांचे लक्ष्य गाठले, म्हणजे सामना भारताने गमावलाच. परंतु एकाच कसोटीत शतक आणि डावात पाच बळी अशी कामगिरी तोवर मंकड यांच्याखेरीज कोणत्याही भारतीयाने केलेली नव्हती. या मालिकेत उम्रीगर यांनी ४४५ धावा केल्या आणि तिच्याबरोबरच त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

या दौऱ्याचा परिणाम व्यक्तीपुरता राहिला नाही. अतिवेगाचा सराव मायदेशातच मिळायला हवा, ही जाणीव मंडळाला झाली आणि १९६२-६३ च्या मोसमात रॉय गिलख्रिस्ट, चार्ली स्टेयर्स, चेस्टर वॉटसन आणि लेस्टर किंग या चार वेस्ट इंडियन वेगवान गोलंदाजांना भारतातील देशांतर्गत स्पर्धांत खेळण्यास बोलावण्यात आले. १९५२ मध्ये उम्रीगर यांच्या पायांना जी सवय नव्हती, ती पुढच्या पिढीला लावण्याचा हा पहिला संघटित प्रयत्न होता.

सरासरी कशी वाचावी

फलंदाजीची सरासरी काढताना एकूण धावांना बाद झालेल्या डावांच्या संख्येने भागतात. नाबाद राहिलेले डाव भाजकात धरले जात नाहीत. उम्रीगर यांनी ९४ डावांत, आठ वेळा नाबाद राहून, ३,६३१ धावा केल्या. ८६ ने भागल्यास सरासरी ४२.२२ येते. आता इंग्लंडमधील ते सात डाव आणि त्यांतील ४३ धावा बाजूला काढल्या तर ७९ बाद डावांत ३,५८८ धावा उरतात आणि सरासरी ४५.४२ होते. म्हणजे ज्या अपयशाने त्यांची प्रतिमा कायमची डागाळली, त्याने त्यांच्या आकड्यातून जेमतेम तीन धावा वजा केल्या. वेस्ट इंडिजमधील दोन दौऱ्यांची बेरीज केली तर अठरा बाद डावांत १,००५ धावा, म्हणजे ५५ हून अधिक सरासरी निघते; आणि त्यांच्या बारा शतकांपैकी पाच परदेशात झाली आहेत. समकालीनांशी तुलना केली तर विजय हजारे यांची सरासरी ४७.६५ आहे, पण ती ३० कसोटींतली. विजय मांजरेकर यांची ५५ कसोटींत ३९.१२. एवढा प्रदीर्घ काळ आणि एवढी सातत्यपूर्ण सरासरी यांचा मेळ त्या पिढीत उम्रीगर यांच्याखेरीज कुणी घातला नाही.

अर्थात अपयश वजा करून काढलेला आकडा हा कारकिर्दीचा खरा आकडा नव्हे. सात डाव घडले आणि ते नोंदीत राहिलेच पाहिजेत. मुद्दा प्रमाणाचा आहे. इतिहासाने त्या सात डावांना ८७ डावांपेक्षा जास्त जागा दिली, ती त्यांच्या गुणवत्तेचा विचार करून दिलेली नाही. पराभवाचे चित्र मनावर चटकन ठसते आणि वर्षानुवर्षांचे काम मात्र मोजावे लागते, म्हणून दिली.

कसोटीतून निवृत्त झाल्यावर ते १९६७-६८ पर्यंत प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. त्या पातळीवर त्यांच्या १६,१५५ धावा, ४९ शतके आणि ३२५ बळी आहेत. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परदेश दौरे केले, १९७८ ते १९८२ या काळात राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद भूषवले, आणि मुंबई क्रिकेट संघटनेच्या व मंडळाच्या कार्यालयीन कामात अनेक वर्षे घालवली. मुंबईच्या खेळाडूंच्या दोन पिढ्या त्यांना ‘पॉलीकाका’ म्हणत. धावांचा आणि शतकांचा त्यांचा भारतीय विक्रम सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुनील गावसकर यांनी मोडला. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला मंडळ जो पुरस्कार देते त्याला त्यांचेच नाव आहे आणि २००६-०७ साठी तो पहिल्यांदा सचिन तेंडुलकर यांना मिळाला.

उम्रीगर यांच्या कारकिर्दीतून निघणारा निष्कर्ष असा की गुणवान खेळाडूची खरी कसोटी त्याची उणीव जगासमोर उघडी पडल्यानंतर सुरू होते. ती उणीव एका माणसाची नव्हती; ती एका देशाच्या खेळपट्ट्यांची, स्पर्धांची आणि तुटलेल्या परंपरेची होती. पण ती दूर करण्यासाठी दहा वर्षे मैदानावर उभे राहण्याचे काम मात्र एका माणसाने केले, आणि त्या काळात संघाला फलंदाज, गोलंदाज, क्षेत्ररक्षक व कर्णधार यांपैकी जे जे हवे होते ते ते तो देत राहिला. भारतीय क्रिकेटच्या जमाखर्चात उम्रीगर यांचे नाव लिहायचे तर ते या दहा वर्षांच्या बाजूला लिहिले पाहिजे.

(पुढील लेखांक : विजय मांजरेकर आणि उसळत्या चेंडूचे तंत्र)